चाल कुणाची?



गेल्या कार्तिक महिन्यातली गोष्ट. आमच्या भजनी मंडळात पखवाज शिकणारा एक मुलगा देवळाच्या ओसरीवर एकटाच बसला होता. कानात मोबाइलच्या त्या वायरी, डोळे मिटलेले, बोटे गुडघ्यावर चालू. मी खांबाआडून पुढे झालो तसा तो दचकला, वायरी ओढून काढल्या आणि मोबाइल खिशात सारला. मी विचारले, "काय ऐकत होतास, बाळा?" तो म्हणाला, "काही नाही महाराज, हरिपाठच." त्याची बोटे जो ठेका धरत होती तो हरिपाठाचा नव्हता. पखवाजाच्या सहवासात आयुष्य गेलेल्या माणसाला ते सांगावे लागत नाही. मी पुढे काही बोललो नाही. पण त्या रात्री मला झोप आली नाही. असेच एक वाक्य पन्नास वर्षांपूर्वी मीही बोललो होतो, आणि तेही कीर्तनाच्या जागेवर उभा राहून.

वारकऱ्याने काय ऐकावे आणि काय ऐकू नये, हा प्रश्न मला आयुष्यभर लोकांनी विचारला. सिनेमाची चाल अभंगाला लावावी का, दुसऱ्या धर्माचे गाणे कानावर पडले तर दोष लागतो का, शास्त्रीय गाणे ऐकणे म्हणजे चैन का, असे नाना प्रकारे विचारला. मी उत्तरेही देत आलो. आता सत्तरी उलटल्यावर मला वाटते की आपण हा प्रश्न थोडा चुकीच्या जागी विचारतो. पण हे नुसते सांगून पटायचे नाही. त्यासाठी एका माणसाची ओळख करून द्यावी लागेल. त्याचे नाव मी लिहीत नाही. का लिहीत नाही, ते शेवटी कळेल.

तो आणि मी एका वयाचे, मालवणच्या किनाऱ्यावरच्या एकाच वाडीतले. तेव्हा आमचा भाग रत्नागिरी जिल्ह्यात होता. सिंधुदुर्ग हा वेगळा जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. वाड्यावाड्यांत अजून वीज पोचायची होती. जत्रा असो, दशावतार असो, लग्न असो की सप्ताह, उजेड गॅसबत्तीचा. या बत्त्या दुरुस्त करणे, भाड्याने देणे आणि रात्रभर पंप मारून त्या जागत्या ठेवणे हा माझ्या मित्राचा धंदा. मुंबईची धड नोकरी सोडून तो परत आला होता, म्हणून लोक त्याला 'खुळो' म्हणत. त्याचे वागणेही तसेच. आपण बोलत असावे आणि त्याने मध्येच हात वर करून गप्प करावे, कारण दूर कुणाच्या तरी बागेत रहाट करकरत असे आणि त्याला ते ऐकायचे असे. पहिला पाऊस आला की लोक छपराखाली पळत, हा माडाच्या झापांवर पडणारा आणि पत्र्यावर पडणारा पाऊस वेगळा कसा वाजतो ते ऐकत उभा राही. उपड्या घातलेल्या होडीवर झोपे, आणि उशाशी एक ट्रान्झिस्टर.

मी तेव्हा गुरुजींपाशी शिकत होतो. पाठांतर चालू होते, गाथा, ज्ञानेश्वरी, एकनाथी भागवत. गळा बरा होता आणि त्याचा थोडा गर्वही होता. एके दिवशी तो मला म्हणाला, "बुवा, तू गातस बरा, पण आयकनस नाय." मला राग आला. पण त्या रागापोटीच त्याच्यामागून जायला लागलो, हे खरे.

बत्तीवाल्याला सगळीकडे वाट असते. देवळात असते, मांडवात असते, ख्रिस्ती वाडीतही असते. त्याच्या मागे बत्ती धरून मी अशा ठिकाणी गेलो जिथे एरवी गेलो नसतो. ख्रिस्ती वाडीत क्रुसापुढे संध्याकाळी प्रार्थना म्हणत. दोन-तीन आवाज वेगवेगळ्या उंचीवरून एकाच वेळी चालत आणि तरी एकमेकांना अडत नसत. आमच्याकडे सगळे टाळकरी एकाच सुरात एकवटतात. हे असे वेगळे राहून एकत्र असणे मी प्रथमच ऐकत होतो. रात्री वाळूत बसून तो ट्रान्झिस्टर लावी. रात्रीच्या वेळी लांबची केंद्रे लागतात, कधी पणजी, कधी धारवाड, कधी मुंबई. अशाच एका रात्री कुमार गंधर्वांचे निर्गुणी भजन लागले. मला ते गाणे वाटेना. स्वर एकदम यायचा, चमकायचा, आणि तोडून टाकल्यासारखा थांबायचा. मग काही क्षण नुसता तंबोरा. मी म्हटले, "याचा दमसास कमी दिसतो." तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "गप रव आनि आयक."

पण ज्या गाण्याने माझे आयुष्य अडले ते यातले नव्हे. कुडाळजवळ पिंगुळी नावाचे गाव आहे. तिथले ठाकर चित्रकथी सांगतात, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्या नाचवतात. सावंतवाडी संस्थानाचा त्यांना आश्रय होता. आज त्यांची कीर्ती दूरवर गेली आहे, आणि त्यांच्यातल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. आम्ही तरुण होतो तेव्हा मात्र त्यांच्याकडे कुणी फारसे बघत नसे. नवरात्रात देवळात येत, आपली सेवा करत, शिधा घेत आणि जात. कागदावर काढलेली रामायण-महाभारताची चित्रे एकामागून एक समोर धरायची आणि प्रत्येक चित्राची कथा गाऊन सांगायची. चित्रांच्या त्या चळतीला ते 'पोथी' म्हणतात. साथीला त्यांची साधी वीणा, हुडुक आणि टाळ.

कुडाळकडच्या एका देवळात नवरात्रात त्याच्या बत्त्या होत्या. मी बरोबर गेलो. एक म्हातारा ठाकर पोथी लावून बसला होता. समोर दहा-बारा माणसे, त्यातली निम्मी पेंगणारी. बत्तीचा उजेड चित्रावर नीट पडावा म्हणून माझ्या मित्राने ती हातात उचलून धरली आणि तसाच उभा राहिला. सीतेच्या शोधाची कथा होती. म्हाताऱ्याचा आवाज फुटका होता. पण ओळ संपत येई तिथे तो स्वर सोडून देत नसे. पायऱ्या उतरावे तसा तीन टप्प्यांनी खाली येई, आणि शेवटच्या पायरीवर हुडुकाच्या आधी क्षणभर थांबे. त्या थांबण्यात सीता सापडलेली नाही हे कळे. शब्दांनी नव्हे, त्या थांबण्याने. माझ्या अंगावर काटा आला. मी पुढे दोन वर्षे, जिथे जिथे ते आजा पोथी लावत तिथे तिथे मित्राबरोबर गेलो. आम्ही दोघेही त्यांना 'आजा'च म्हणत असू. ते मला कधी गाऊन दाखवायला सांगत नसत. एकदा मात्र त्यांनी ते तीन टप्पे मला शिकवले. अगदी सहज, पान लावता लावता. पैसे घेतले नाहीत. मी द्यायलाही गेलो नाही.

हे सगळे मी गुरुजींपासून लपवले. का लपवले? कारण माझ्या मनाने एक प्रमाण शोधून ठेवले होते. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो, आणि नाथबाबांनी एकनाथी भागवतात त्याचा विस्तार केला आहे. त्यात आठव्या अध्यायात हरीण येते. पारध्याच्या गाण्याला भुलून हरीण जाळ्यात सापडते, म्हणून विरक्ताने विषयाचे गाणे ऐकू नये, असा त्याचा उपदेश. मी स्वतःला ते हरीण समजत होतो. गुरुजींनी मला कधी मनाई केली नव्हती. विचारायला मीच कधी गेलो नव्हतो.

मग तो सप्ताह आला. साल १९७३ च्या आसपासचे असेल. काल्याच्या आदल्या रात्रीची, जागराची कीर्तनसेवा गुरुजींनी प्रथमच माझ्याकडे दिली. निरूपणाला नाथबाबांचा अभंग होता. बत्त्या अर्थातच माझ्या मित्राच्या. कीर्तन रंगात आले. टाळकऱ्यांनी चाल धरली, मृदंग चढला, आणि एका कडव्याच्या शेवटी माझ्या तोंडून ते आजांचे तीन टप्पे आले. ठरवून नव्हे. आले. तिसऱ्या पायरीवर मी थांबलो आणि मृदंगवालाही थांबला. मंडपात पान हलले तरी ऐकू यावे अशी शांतता पसरली. मग लोकांनी "विठ्ठल, विठ्ठल" असा गजर केला तो थांबेना. पुढच्या कडव्याला मी तेच पुन्हा केले. मग पुन्हा. या वेळी मात्र ठरवून.

कीर्तन संपल्यावर लोक पाया पडत होते. गुरुजी पुढे आले. सगळ्यांसमोर विचारले, "चाल कुठची रे ही?" चार पावलांवर माझा मित्र बत्तीला पंप मारत होता. त्याचा हात थांबला. आणि मी म्हणालो, "सुचली, गुरुजी. माउलींची कृपा."

गुरुजींनी माझ्याकडे थोडा वेळ पाहिले. "बरे," म्हणाले आणि गेले. मंडप रिकामा झाल्यावर मित्र बत्त्या उतरवू लागला. जन्मभर मला 'अरे-तुरे' करणारा तो, त्या रात्री म्हणाला, "बुवानू, चाल बरी सुचली तुमका." त्यानंतर त्याने मला कधी कुठे नेले नाही. भांडला नाही, बोलणेही टाकले नाही. फक्त 'तू'चा 'तुमी' झाला तो झालाच.

दुसऱ्या दिवशी काल्याचे कीर्तन गुरुजींचे. तुम्ही ते किती वेळा ऐकले असेल. गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या सोडल्या, कुणाची ताजी, कुणाची शिळी, कुणाची नुसती भाकर. देवाने सगळ्या एकत्र केल्या आणि आपल्या हाताने घास भरवले. गुरुजी त्या दिवशी एवढेच जास्त म्हणाले की, काला झाल्यावर कोणता घास कुणाच्या घरचा हे ओळखता येत नाही, पण पेंद्याच्या घरचा घास खाऊन तो माझ्या घरचा म्हणणारा त्या काल्यात कुणी नव्हता. मला वाटले, हे सहज आले असेल. मी टाळ वाजवत राहिलो.

आता वाचकहो, माझ्याबरोबर थोडा विचार करा. मी त्या रात्री नेमके काय चुकलो?

एक उत्तर असे की, नको ते ऐकले हीच चूक. ते गाणे कानावर पडलेच नसते तर खोटे बोलण्याची वेळ आली नसती. हे उत्तर सोपे आहे आणि त्यात थोडे तथ्यही आहे. चालीला एक मोह असतो. पहिल्यांदा ते टप्पे आले तेव्हा अभंगाचा अर्थ उघडला, मंडपातल्या माणसाच्या मनात देव उभा राहिला. तिसऱ्यांदा आले तेव्हा मी उभा राहिलो. लोकांचा गजर विठ्ठलाचा होता, पण माझा कान तो माझ्यासाठी ऐकत होता. तेव्हा हरणाची भीती खोटी नाही. चाल संपल्यावर मागे काय उरते, नाम की गाणारा, ही कसोटी प्रत्येक कीर्तनकाराने रोज लावावी. पण नीट बघा, या कसोटीवर मी नापास झालो तो ठाकराच्या चालीने नव्हे. घराण्यातली, फडावरची, शंभर वर्षांची शुद्ध चाल म्हणूनही माणूस असाच फुगू शकतो. मी पाहिले आहेत. आरशातही पाहिला आहे.

दुसरे उत्तर असे की, चाल ही कुणाच्या मालकीची नसते, ती वाऱ्यासारखी सगळ्यांची. मग नाव सांगितले काय न सांगितले काय? हे ऐकायला उदार वाटते. पण आपली परंपरा असे मानत नाही. ज्ञानेश्वरी पूर्ण करताना अठराव्या अध्यायाच्या शेवटी माउली काय करतात? आदिनाथांपासून मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती अशी सगळी परंपरा सांगतात. ग्रंथ आपला, तरी हे कुठून आले ते सांगितल्याशिवाय हात आवरता घेत नाहीत. तुकोबारायांना तर उपदेश स्वप्नात झाला. स्वप्नातल्या गोष्टीला साक्षीदार कोण? तरी त्यांनी राघव चैतन्य, केशव चैतन्य आणि बाबाजी ही नावे सांगून ठेवली. आणि नाथबाबांनी आपल्या अभंगांच्या शेवटी स्वतःचे नाव एकटे ठेवलेच नाही, 'एका' म्हटले की लागलीच 'जनार्दनी'. त्या रात्री मी त्याच नाथांचा अभंग गात होतो. प्रत्येक वेळी गुरूचे नाव तोंडाने घेत होतो. आणि ज्याने जागेपणी, समोर बसवून, पान लावता लावता मला दिले त्याचे नाव गिळून बसलो होतो. वर माउलींचे नाव पुढे केले. खोटे बोलायचे तर निदान स्वतःच्या नावावर बोलावे. मी देवाच्या नावावर खपवले.

ते हरणाचे प्रमाणही मी अर्धेच वाचले होते. त्याच आठव्या अध्यायात पुढे पिंगला येते. वेश्या, ग्राहकाची वाट बघून थकलेली. तिच्याकडूनही अवधूत शिकतो आणि भर राजापुढे तिचे नाव घेतो. काय टाळावे हे हरणापासून शिकलो म्हणतो, आशा कशी सोडावी हे पिंगलेपासून शिकलो म्हणतो. कुणाकडून शिकलो हे सांगायला त्याला लाज वाटत नाही. चोवीस गुरूंच्या त्या प्रकरणाचा निम्मा उपदेश यातच आहे, आणि मी तो सोडून फक्त भीती उचलली.

आणि कुणाकडून शिकावे याची वाटणी संतांनी कुठे केली? नामदेवराय म्हणजे आपल्या कीर्तनाचे आद्य पुरुष. त्यांना कच्चे मडके कोणी ठरवले? गोरोबांनी, कुंभाराच्या थापटण्याने. मग ज्ञान कोणी दिले? विसोबा खेचरांनी, जे देवळात पिंडीवर पाय ठेवून पडलेले आढळले. गावाने त्यांना खुळाच म्हटले असते. पुढे त्याच नामदेवांची ६१ पदे शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात गेली आणि आज तिथे रागांत गायली जातात. ते गायन आपल्या एखाद्या टाळकऱ्याने अचानक ऐकले तर तो म्हणेल, हे आपले नव्हे. आणि ते तर आपले नामदेव! नाथांनी भारुडे रचली ती वाघ्या, मुरळी, जोशी, वासुदेव, गोंधळी यांचे ऐकूनच की. पैठणच्या वाड्यात दार लावून ती सुचली नाहीत.

त्या सप्ताहानंतर बारा-पंधरा वर्षांनी गुरुजी अंथरुणाला खिळले होते. मी पाय चेपत बसलो होतो. अवसान गोळा करून सांगितले, "गुरुजी, ती चाल सुचलेली नव्हती. पिंगुळीच्या एका ठाकराची होती." मला वाटले रागावतील. ते म्हणाले, "ठाऊक आहे. ठाकरांची कथा मी लहानपणी देवळात ऐकलेली. ते उतरणे मी विसरेन?" मग थोड्या वेळाने म्हणाले, "मी विचारले ते एवढ्यासाठी, की पुढच्या सप्ताहाला त्या माणसाला बोलवावे. दोन घटका आपल्या मंडपात पोथी लावली असती. तू सुचली म्हणालास. मग कुणाला बोलवणार?"

वाचकहो, मनाई गुरुजींची नव्हती. ती मीच बांधलेली भिंत होती, आणि तिच्यापलीकडे तो म्हातारा उभा होता.

मी दुसऱ्याच आठवड्यात पिंगुळीला गेलो. पण कुणाचा शोध घेणार? मला त्यांचे नाव ठाऊक नव्हते. दोन वर्षे त्यांच्यासमोर बसलो, त्यांच्याकडून घेतले, पण 'आजा, तुमचे नाव काय?' असे एकदाही विचारले नाही. लोक म्हणाले, फुटक्या आवाजाचा, सीतेची कथा सांगणारा? तसे तिघे-चौघे होऊन गेले, महाराज. सगळे वारले. मी एका घराच्या उंबऱ्याला हात लावून परत आलो. तो त्यांचा होता की नाही, देव जाणे.

पुढे कधीतरी कुमार गंधर्वांविषयी वाचले, आणि वाळूतली ती रात्र आठवून मान खाली गेली. १९४७-४८ च्या सुमारास त्यांना क्षयाने गाठले. हवापालटासाठी ते देवासला जाऊन राहिले आणि काही वर्षे गाणे बंद झाले. लहानपणापासून गाण्यासाठी नावाजलेला तो गवई अंथरुणावर पडून ऐकत राहिला. दारावरून जाणाऱ्या जोग्यांची भजने, माळव्यातल्या बायकांची गाणी. त्या भजनांतच त्यांना निर्गुणी सापडले. ज्याला मी दमसास कमी म्हणत होतो, त्या माणसाने मरणाच्या दारातून परत येऊन तो श्वास मिळवला होता. आणि मोठे झाल्यावरही हे मी कुठे ऐकले, कुणाकडून घेतले, हे ते सांगत राहिले. माळव्याची गाणी माळव्याची म्हणूनच लोकांपुढे मांडली. त्यामुळे त्यांचे मोठेपण उणे झाले का? आणि ते जोगी कोण? नाथपंथी. म्हणजे गहिनीनाथांच्या नात्याने आपल्या माउलींचे भाऊबंद. जे मला परके वाटले ते घरचेच होते, फक्त दुसऱ्या वाटेने आलेले.

वीज आली आणि गॅसबत्त्या गेल्या. माझा मित्र म्हातारपणी बहिणीच्या घरी राहिला. दिसेनासे झाले होते, पण कान शाबूत. मी भेटायला गेलो, पाया पडलो, सगळे सांगितले. गुरुजी काय म्हणाले तेही सांगितले. तो बराच वेळ हसत होता. "लोक माका खुळो म्हणत," तो म्हणाला, "खरो खुळो कोण, ता तुका आता कळला." तीस वर्षांनी पुन्हा 'तुका' म्हणाला. मला रडू आले. मी म्हटले, आता जिथे जिथे कीर्तन करीन तिथे तुझे नाव घेईन. तर मान हलवली. "माजा नाव नको. मी काय दिलंय तुका? मी बत्ती धरलंय नुसती. आजाचा नाव घे." मी म्हटले, ते तर मला ठाऊक नाही. तुला आहे? त्यालाही नव्हते. तोही आजाच म्हणत असे. मग तो गप्प झाला. बाहेर माडांवर पाऊस पडत होता. आम्ही दोघे ऐकत बसलो.

त्यानंतर कीर्तन सोडेपर्यंत, ते तीन टप्पे तोंडी आले की मी तिथेच थांबून सांगत असे, "ही चाल पिंगुळीच्या एका ठाकर आजाची. त्याचे नाव मी विचारले नाही, हा माझा अपराध." काही लोकांना ते आवडत नसे. कीर्तनात रसभंग होतो म्हणत. होत असेल. पण मला त्याशिवाय पुढचे कडवे म्हणता येत नसे.

म्हणून म्हणतो, काय ऐकावे या प्रश्नाआधी दुसरा प्रश्न आहे. ज्याचे ऐकले, त्याच्यापुढे कान नम्र झाला का? आपण वारकरी एकमेकांच्या पाया पडतो. वय बघत नाही, जात बघत नाही, समोरचा ओळखीचा आहे की नाही हेही बघत नाही. डोके इतके सहज वाकते. कानालाही तसे वाकता आले पाहिजे. आणि कान वाकला याची खूण एकच, तोंडाने नाव निघते. ज्या गाण्याचे मूळ चारचौघांत सांगायला जीभ अडत नाही, ते खुशाल ऐकावे. जिथे जीभ अडते, तिथे थांबून बघावे की गाणे वाईट आहे की आपण भित्रे आहोत. बहुतेक वेळा दुसरेच निघते, असा माझा अनुभव.

दुसऱ्या दिवशी मी त्या पखवाजवाल्या मुलाला बोलावले. म्हटले, "काल काय ऐकत होतास ते मलाही ऐकव." तो घाबरला. मग एक वायर माझ्या कानात दिली, एक आपल्या. कुठल्या दूरदेशीची ढोलकी होती, हाताने वाजवलेली, भाषा अनोळखी. निम्मे मला कळले नाही. पण एका जागी बोटे आपोआप गुडघ्यावर चालू लागली. संपल्यावर मी त्याला एवढेच विचारले, "वाजवणाऱ्याचे नाव काय?" तो म्हणाला, "बघितलं नाही, महाराज."

मी म्हटले, "आधी ते बघ."

रामकृष्णहरी.